बॅटरी परत मागवल्याची बातमी आली, तर काय करावे?

फोनची बॅटरी हा विषय आरोग्याच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. हिंगणघाटच्या वस्त्यांत आज फोन नसलेले घर क्वचितच सापडेल. हा फोन रात्री उशाशी असतो, दिवसा खिशात असतो आणि आई स्वयंपाकात असली की लहान लेकराच्या हातात असतो. त्याची बॅटरी बिघडली तर भाजणे, धूर छातीत जाणे आणि घराला आग लागणे या तिन्ही गोष्टी काही मिनिटांत घडू शकतात.

कधीकधी कंपनी स्वतःच जाहीर करते की आमच्या अमुक फोनची बॅटरी धोक्याची निघाली आहे, ती परत आणून द्या, आम्ही बदलून देतो. याला रिकॉल म्हणतात. अशी बातमी आली की लोक साधारण दोन प्रकारे वागतात. काही जण घाबरून चांगली बॅटरीही फेकून देतात. काही जण 'आपल्या फोनला काय होते?' म्हणून तोच फोन वापरत राहतात. आपल्या वस्त्यांत तिसरीही एक गोष्ट घडते. फोन तीन हातांतून फिरून आलेला असतो, त्यामुळे बातमी आपल्यापर्यंत पोचतच नाही. ती पोचली तर काय करायचे आणि पोचली नाही तरी आपण स्वतः काय तपासायचे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

२००७ साली काय झाले होते?

ज्यांचे वय आज पस्तीस-चाळीसच्या पुढे आहे, त्यांना नोकियाचे दिवस आठवत असतील. ११०० हा टॉर्चवाला फोन होता. थोडे पैसे असले तर ६६०० किंवा एन-७० घेतला जाई. या तिन्ही फोनमध्ये एकच बॅटरी बसायची. तिचे नाव बीएल-५सी.

१४ ऑगस्ट २००७ रोजी नोकियाने जाहीर केले की जपानच्या मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बीएल-५सी बॅटऱ्यांत दोष असू शकतो. चार्जिंग चालू असताना आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊन बॅटरी तापते आणि जागेवरून निघते, असे प्रकार घडले होते. अशा बॅटऱ्यांची संख्या ४ कोटी ६० लाख होती. तोपर्यंत जगभरातून सुमारे १०० तक्रारी आल्या होत्या. गंभीर इजा झाल्याची किंवा मालमत्तेचे मोठे नुकसान झाल्याची नोंद नव्हती, असे कंपनीने सांगितले. दोष असलेली बॅटरी फुकट बदलून मिळणार होती.

बातमी टीव्हीवर आली आणि देशभर गडबड उडाली. एसएमएस फिरू लागले. सर्व्हिस सेंटरवर गर्दी झाली. फोन कानाला लावला तरी फुटेल, अशी भीती लोकांना वाटू लागली. खरी गोष्ट अशी होती की बीएल-५सी बॅटऱ्या अनेक कंपन्या बनवून नोकियाला देत होत्या आणि तोपर्यंत अशा ३० कोटींहून जास्त बॅटऱ्या तयार झाल्या होत्या. दोषाची शंका त्यातल्या एकाच कारखानदाराच्या, एकाच काळातल्या मालाबद्दल होती. बाकीच्यांना काही धोका सांगितलेला नव्हता.

आपली बॅटरी त्यात आहे की नाही, हे कळायला सोपी पद्धत होती. फोन बंद करायचा, बॅटरी काढायची आणि मागच्या बाजूचा ओळख क्रमांक मोजायचा. त्यात २६ अक्षरे आणि अंक नसतील, तर चिंता मिटली. २६ असतील, तर तो क्रमांक कंपनीकडे तपासून घ्यायचा. त्यासाठी भारतात एसएमएसची सोयही केलेली होती. म्हणजे बहुतेकांचे काम घरी बसून दोन मिनिटांत होणारे होते. तरी लोक रांगेत उभे राहिले, कारण बातमीतले 'नोकियाची बॅटरी फुटते' एवढेच त्यांच्या कानावर पडले. कोणती बॅटरी, कोणत्या काळातली, कशी ओळखायची, हा पुढचा भाग पोचलाच नाही.

यातून पहिला धडा घ्यायचा तो हा, की रिकॉलची बातमी कधीही फक्त कंपनीच्या नावावर ऐकू नये. मॉडेल कोणते, कधी बनलेले आणि क्रमांक कोणता, या तीन गोष्टी कळल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही.

बीएल-५सी अजून बाजारातून गेलेली नाही, हेही लक्षात ठेवा. छोटे रेडिओ, भीमगीते वाजवणारे हातातले स्पीकर आणि साधे कीपॅड फोन यांत त्याच मापाची बॅटरी आजही बसते. त्यातल्या पुष्कळ बॅटऱ्यांवर कोणी बनवली, याचा धड पत्ताही नसतो. २००७ सालच्या बॅटरीमागे निदान बदलून द्यायला कंपनी तरी उभी होती. नाव नसलेली बॅटरी बिघडली तर ती परत मागवणारे कोणीच नसते.

बॅटरी पेटते कशी?

फोनची बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. तिच्यात दोन पातळ थर असतात, एक धन आणि एक ऋण. दोघांच्या मध्ये प्लास्टिकचा अगदी पातळ पडदा असतो. हा पडदा माणसाच्या केसापेक्षाही पातळ असतो. हे सगळे एका द्रवात भिजलेले असते आणि तो द्रव ज्वालाग्राही असतो, म्हणजे सहज पेट घेणारा.

पडदा शाबूत आहे तोवर बॅटरी नीट चालते. तो फाटला, वितळला किंवा त्यात बारीक धातूचा कण घुसला, तर दोन्ही थर एकमेकांना भिडतात. तिथे एकदम उष्णता तयार होते. त्या उष्णतेने शेजारचा भाग तापतो, त्यातून आणखी उष्णता बाहेर पडते आणि ही साखळी थांबत नाही. आत वायू साठतो, बॅटरी फुगते, फाटते आणि पेटते. म्हणूनच एकदा सुरू झालेली आग काही वेळा विझल्यासारखी वाटून पुन्हा भडकते.

पडदा बिघडण्याची कारणे मुख्यतः चार आहेत: कारखान्यातला दोष, फोन पडून किंवा दबून बसलेला मार, चुकीच्या चार्जरने किंवा जास्त वेळ केलेले चार्जिंग आणि बाहेरची उष्णता. रिकॉल होतो तो पहिल्या कारणासाठी. बाकीची तीन आपल्या घरातली आहेत.

२०१६: एकदा परत मागवलेला फोन दुसऱ्यांदा

ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलक्सी नोट ७ बाजारात आला. काही दिवसांतच चार्जिंगला लावलेले फोन पेटू लागले. २ सप्टेंबर २०१६ रोजी कंपनीने विक्री थांबवली आणि सुमारे २५ लाख फोन परत मागवले. तोवर ३५ तक्रारींची नोंद झाली होती. भारतात तर त्याच दिवशी विक्री सुरू व्हायची होती, ती थांबली. ९ सप्टेंबरला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात हा फोन चालू करण्यास किंवा चार्ज करण्यास मनाई केली.

कंपनीने दुसऱ्या कारखानदाराची बॅटरी घालून नवे फोन दिले. तेही पेटू लागले. शेवटी ११ ऑक्टोबर २०१६ रोजी हा फोन बनवणेच बंद झाले. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने कारण जाहीर केले. पहिल्या बॅटरीत वरच्या कोपऱ्यात जागा अपुरी पडून आतला थर वाकत होता. दुसरीत जोडकामाचे टोकदार कण राहून ते पडद्याला टोचत होते. काही बॅटऱ्यांत तर आतली संरक्षक पट्टीच लावलेली नव्हती. दोन वेगळे दोष होते, पण शेवट एकच झाला. दोन्ही थर भिडले आणि आग लागली.

आता लोकांच्या वागण्याकडे पाहू. फोन महागडा होता, चांगला चालत होता. काही जणांनी तो परत द्यायला नकार दिला. 'माझा तर कधी तापला नाही,' असे त्यांचे म्हणणे होते. कंपनीला मग सॉफ्टवेअर पाठवून फोन पूर्ण चार्ज होणार नाही, अशी व्यवस्था करावी लागली आणि पुढे काही देशांत तो चार्जच होणार नाही असे करावे लागले. जानेवारी २०१७ पर्यंत विकलेल्या सुमारे ३० लाख फोनपैकी ९६ टक्के परत आले.

'माझा तापला नाही' हे म्हणणे ऐकायला बरोबर वाटते, पण त्यात मोठी चूक आहे. लाखो फोनपैकी थोडेच पेटतात हे खरे. पण त्या थोड्यांत आपला आहे की नाही, हे वरून पाहून कोणालाच कळत नाही. दोष आत असतो. आज चांगला चाललेला फोन उद्या रात्री चार्जिंगवर पेटू शकतो. त्यामुळे कंपनीने तुमचा क्रमांक धोक्याचा आहे असे सांगितले, तर त्यावर वाद घालत बसू नये. वापर थांबवावा आणि बदलून घ्यावे.

बातमी आपल्या घरापर्यंत का पोचत नाही?

नवा फोन दुकानातून पक्क्या बिलावर घेणाऱ्याचे नाव कंपनीकडे असू शकते. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. मोठ्या भावाने फोन घेतला, दोन वर्षांनी बहिणीला दिला, तिचे लग्न झाल्यावर तो आईकडे आला. किंवा जुन्या फोनच्या दुकानातून बिलाशिवाय घेतला. मध्ये कधीतरी बॅटरी बदलली, ती कोणती बसवली हे विचारले नाही. कंपनीने संदेश पाठवला तरी तो पहिल्या मालकाच्या ई-मेलवर जाईल, आईपर्यंत येणार नाही.

काही वेळा संदेश फोनवरच येतो, पण तो इंग्रजीत असतो आणि आपण जाहिरात समजून बाजूला सारतो. जुलै २०२५ मध्ये गूगलने आपल्या पिक्सेल ६ए फोनसाठी असेच सक्तीचे सॉफ्टवेअर पाठवले. काही फोनची बॅटरी तापण्याचा धोका असल्याने ४०० वेळा चार्ज झाल्यानंतर तिची क्षमता आणि चार्जिंगचा वेग कमी केला जाईल, असे त्यात होते. ज्यांचे फोन त्यात बसतात, त्यांना फुकट बॅटरी बदलण्यासारखे पर्यायही दिले गेले. ज्याला हा संदेश वाचता आला नाही, त्याला फक्त एवढेच दिसणार की फोनची बॅटरी एकाएकी लवकर उतरू लागली. तो जवळच्या दुकानात जाऊन पैसे देऊन मिळेल ती बॅटरी बसवणार. फुकटातली चांगली बॅटरी सोडून पैसे मोजून धोका घरात आणणे, असे हे होते.

तुम्ही काय कराल?

रिकॉलची बातमी कानावर आली तर क्रमाने पुढील गोष्टी करा.

पहिले, आपल्या फोनचे नेमके मॉडेल पाहा. सेटिंगमध्ये 'फोनविषयी' या भागात ते असते. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे डायल केले की आयएमईआय क्रमांकही दिसतो. हे दोन्ही एका वहीत लिहून ठेवा. घरातल्या प्रत्येक फोनचे आजच लिहून ठेवले तर आणखी चांगले.

दुसरे, ती माहिती कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तपासा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर जाऊन आधार क्रमांक, ओटीपी किंवा बँकेची माहिती कधीही भरू नका. रिकॉलसाठी यातले काहीच लागत नाही. 'बॅटरी बदलून देतो, आधी ५०० रुपये पाठवा' म्हणणारा चोरच समजा.

तिसरे, तपासणी होईपर्यंत तो फोन चार्जिंगला लावू नका. लावावाच लागला तर दिवसा, नजरेसमोर, फरशीवर ठेवून लावा. झोपताना नाही.

चौथे, फोन यादीत असेल तर बंद करून सर्व्हिस सेंटरमध्ये द्या आणि पावती घ्या. बिल नाही म्हणून मागे हटू नका. दोष वस्तूत असतो आणि क्रमांक फोनवर असतो, हे ठामपणे सांगा. पोस्टाने किंवा कुरिअरने पाठवायचे असेल तर आधी कंपनीला विचारा, कारण दोष असलेली बॅटरी साध्या पार्सलने पाठवणे धोक्याचे असते.

पाचवे, फोन यादीत नसेल तर निश्चिंत राहा. चांगली बॅटरी काढून फेकू नका.

बातमी नसतानाही पाहण्याच्या खुणा

रिकॉल नसला तरी बॅटरी बिघडू शकते. मागचे झाकण उचलले गेले, स्क्रीन एका बाजूने वर आली, फोन टेबलावर ठेवला की डुलतो, काही न करता गरम होतो, गोडसर किंवा रसायनासारखा वास येतो, यातली एकही खूण दिसली तरी फोन बंद करा. फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, तिला सुई टोचू नका, चिकटपट्टी लावून पुन्हा वापरू नका. मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नका.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा वेगळा विचार करावा लागतो. मे महिन्यात हिंगणघाटला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनपत्र्याच्या घरात दुपारी याहूनही जास्त तापते. ॲपलसारखी कंपनी आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावेत असे सांगते. म्हणजे आपली दुपार या हद्दीच्या पुष्कळ बाहेर आहे. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा सकाळी करा. फोन पत्र्याजवळच्या फळीवर, खिडकीच्या उन्हात, दुचाकीच्या डिक्कीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. चार्जिंगवर असताना त्यावर व्हिडिओ पाहणे, गेम खेळणे टाळा.

रात्री गोधडीखाली, उशीखाली किंवा गादीवर फोन चार्जिंगला लावू नका. उष्णता बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि आग लागली तर कापड लगेच पेटते. हंगामात ज्यांच्या घरात कापूस साठवलेला असतो, त्यांनी त्या खोलीत चार्जिंगचा बोर्डच वापरू नये. एकाच एक्स्टेंशनवर कूलर, टीव्ही आणि चार फोन लावणे हेही आगीला बोलावणे आहे.

चार्जर, बॅटरी आणि पॉवर बँक घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढचा आठ अंकी नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. या वस्तूंना अशी नोंदणी आपल्या देशात सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' या सरकारी ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की नोंदणी खरी की खोटी ते कळते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना अनेक जण घाईत स्वस्त पॉवर बँक घेतात. गर्दीच्या रेल्वे डब्यात बॅगेच्या तळाशी ती दाबून ठेवलेली असते आणि तिथे आग लागली तर पळायला जागा नसते. पॉवर बँक चांगली घ्या, वरच्या कप्प्यात ठेवा, फुगलेली असेल तर घरीच सोडा.

आग लागली तर

फोन चार्जिंगवर असेल तर आधी बोर्डाचे किंवा घराचे मेन बटण बंद करा. फोनला हात लावू नका. मुलांना, म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा. दारे-खिडक्या उघडा. वीज बंद झाल्यावर लांबून भरपूर पाणी टाका. पाण्याने बॅटरी थंड होते आणि आतली साखळी तुटते. २३ सप्टेंबर २०१६ रोजी सिंगापूरहून चेन्नईला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात सॅमसंगच्या जुन्या नोट २ फोनमधून धूर निघाला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी अग्निशामक वापरून नंतर तो फोन पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला. कोणालाही इजा झाली नाही. विझलेला फोन लगेच उचलू नका, तो पुन्हा पेटू शकतो. आग पसरली तर १०१ किंवा ११२ वर फोन करा.

या धुरात विषारी वायू असतात. ते डोळ्यांना, घशाला आणि फुप्फुसांना बाधतात. धूर छातीत गेला आणि खोकला, दम किंवा छातीत जळजळ सुरू झाली, तर थोडे बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना तर लगेच न्या. डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवा.

भाजल्यावर पहिला उपचार एकच आहे: वाहते थंड पाणी, २० मिनिटे. नळ नसेल तर तांब्याने सारखे ओतत राहा. बर्फ लावू नका. बांगड्या, अंगठी, पैंजण सूज यायच्या आत काढा. कातडीला चिकटलेले कापड ओढू नका. टूथपेस्ट, शाई, हळद, तूप, बटाटा, यातले काहीही लावू नका. त्याने जखम चिघळते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. वरून स्वच्छ धुतलेले कापड सैल गुंडाळा.

चेहरा, हाताचा पंजा, सांधे किंवा जननेंद्रिय भाजले असेल, जखम रुग्णाच्या तळहातापेक्षा मोठी असेल, रुग्ण लहान मूल किंवा वृद्ध असेल, तर घरी थांबू नका. १०८ ला फोन करा. हिंगणघाटच्या उपजिल्हा रुग्णालयात न्या. तिथून गरजेप्रमाणे सेवाग्राम किंवा सावंगी मेघेच्या रुग्णालयात पाठवले जाते. बॅटरीतून सांडलेला द्रव अंगावर लागला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आपला हक्क

बॅटरी पेटली की बरेच जण 'आपल्याच नशिबी आले' म्हणून गप्प बसतात. यात नशिबाचा काही संबंध नाही. कारण असते आणि जबाबदारीही असते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आणि ग्राहकांना पैसे परत देण्याचा आदेश काढता येतो. सदोष वस्तूने इजा झाली तर बनवणारा, विकणारा आणि दुरुस्ती करणारा यांच्याकडून भरपाई मागता येते. फोन ज्याच्या पैशाने घेतला त्याच्या संमतीने वापरणारा घरचा माणूसही कायद्याने ग्राहक आहे. आईच्या हातात फोन पेटला आणि तो मुलाने घेतलेला होता, तरी आईचा हक्क जात नाही.

त्यासाठी पुरावा जपा. जळालेला फोन आणि चार्जर फेकू नका, दुकानदाराला किंवा कंपनीला पावती घेतल्याशिवाय देऊ नका. सगळ्या बाजूंनी फोटो काढा. डॉक्टरांचे कागद, औषधांची बिले, फोनचे बिल किंवा बॉक्स सांभाळा. आग मोठी असेल तर पोलीस ठाण्यात नोंद करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येते. तक्रार तिथे मिटली नाही तर वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. वकील लावण्याची सक्तीही नाही, आपला अर्ज आपण स्वतः देऊ शकतो.

खराब बॅटरीचे काय करावे?

ती कचरागाडीत, नालीत किंवा वणा नदीच्या काठावर टाकू नका. कचऱ्यात ती दबली की पेटते आणि कचरा वेचणारे आपलेच भाऊ-बहिणी भाजतात. जाळू तर मुळीच नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या. तोवर तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून, कोरड्या वाळूच्या मातीच्या भांड्यात, घराबाहेर, मुलांचा हात पोचणार नाही अशा सावलीच्या जागी ठेवा.

एक विनंती

आमची तरुण वाचकांना एक विनंती आहे. रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास टेबल मांडा. वस्तीतल्या प्रत्येक घराने आपले फोन आणि पॉवर बँक घेऊन यावे. तुम्ही मॉडेल आणि आयएमईआय क्रमांक वहीत लिहून द्यावा, कंपनीच्या संकेतस्थळावर काही सूचना आहे का पाहावे, फुगलेली बॅटरी ओळखून सांगावी, इंग्रजीतला संदेश मराठीत वाचून दाखवावा. ज्या माउलीला तो संदेश वाचता येत नाही, तिच्यासाठी हा एक तास मोलाचा आहे. वही तिच्याच घरी राहू द्या. पुढे कधी रिकॉलची बातमी आली, तर तुम्हाला फक्त त्या घरी जाऊन वही उघडायची आहे.

जय भीम!